इसेन्स वाढवण्याआधी

(जळगावात उन्हाळ्याच्या तोंडावर सरबत, गोळा, कुल्फी आणि सोड्याचा घरगुती धंदा करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

मंडळी, तुमच्यातल्या बहुतेकांची तक्रार एकच असते आणि ती अहिराणीत फार नेमकी सांगता येते: ‘वास तं येस, पन चव लागत नही.’ बाटलीचं बूच उघडलं की खोलीभर गुलाब, आणि ग्लासात नुसतं गोड पाणी. मग आपण काय करतो? आणखी एक बूच इसेन्स ओततो. चव तरी सुधारत नाही, वर घशाला एक कडवट चिरका लागतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, औषधासारखं लागतंय. ते दुसरं बूच ओतण्याआधी फ्लेवर नेमका कुठं हरवला हे कसं शोधायचं, आजचं बोलणं एवढ्यापुरतंच.

तुमच्यासमोर गुलाब सरबताचे कप आहेत. नाक चिमटीत घट्ट धरा आणि एक घोट घ्या. काय लागलं? गोड. थोडं आंबट. आता नाक सोडा. आला ना गुलाब? जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (टोमॅटो, मशरूममधली खमंग चव) एवढ्याच चवी ओळखते. गुलाब, वेलची, केवडा हे सगळं घशाच्या मागून नाकात चढणाऱ्या हवेतून कळतं. नाकात गंध पकडणाऱ्या ग्राहींचं कोडं उलगडलं म्हणून रिचर्ड अॅक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चं नोबेल मिळालं. माणसाकडे असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही असतात. आपल्या धंद्यापुरता त्याचा अर्थ असा, की फ्लेवर म्हणजे हवेत उडणारा पदार्थ. उडाला नाही तर लागत नाही, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडात जाण्याआधीच उडाला तर तुमचे पैसे गेले.

सगळ्यात जास्त फ्लेवर पातेल्यातच जातो. गरम पाकात इसेन्स टाकायचा आणि घरभर घमघमाट सुटला की खूश व्हायचं, हे मी कितीतरी स्वयंपाकघरांत पाहिलंय. तो घमघमाट म्हणजेच तुमचा माल. कुणी जाणकार म्हणेल, केळीच्या इसेन्समधलं आयसोअमाइल अॅसिटेट १४२ अंशांना उकळतं, पाक तर तेवढा तापतच नाही. बरोबर आहे, पण वाफ त्याला ओढून नेते. गुलाबपाणी काढतात ते याच तत्त्वावर. म्हणून पाक थंड झाल्यावरच इसेन्स घाला. आणि ‘थंड’ हा शब्द आपल्या खानदेशात जरा तपासून वापरायला हवा. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढं जातो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारभर ठेवलेला पाक थंड झालाय असं आपण म्हणतो, तेव्हा तो अंगापेक्षा गरम असतो. पातेलं पाण्याच्या टपात ठेवा, हाताला गार लागू द्या, इसेन्स पहाटे नाहीतर रात्री घाला आणि घातल्याबरोबर झाकण लावा.

पुढचा प्रश्न मिसळण्याचा. व्हॅनिलाची पूड, म्हणजे व्हॅनिलिन, १०० मिली साध्या पाण्यात जेमतेम १ ग्रॅम विरघळतं. पाकात तर पाणी मुळातच कमी. पूड थेट टाकली तर तिचे कण तळाशी बसतात आणि वरचे ग्लास फिके जातात. आधी थोड्या कोमट पाण्यात किंवा खाद्य प्रतीच्या प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये (इसेन्स पातळ करायला वापरतात तो द्रव) विरघळवून घ्या, मग पाकात. संत्रं-लिंबाची गोष्ट उलटी. ती तेलं. बाटली दोन दिवस उभी ठेवा आणि मानेपाशी बघा. पिवळसर कडं दिसलं तर तेल वर आलंय. पहिला ग्लास कडू, शेवटचा पचपचीत. त्यावर मात्रा वाढवून उपयोग नाही. तिथं गम अरेबिकवर, म्हणजे डिंकावर बसवलेलं इमल्शन हवं, ज्यात तेल पाण्यात एकजीव केलेलं असतं. दुकानात मागताना ‘संत्र्याचा इसेन्स द्या’ एवढ्यावर थांबू नका. पाण्यात मिसळणारा आहे की तेलात, हेही विचारा.

आता मोजमाप. थेंब आणि बूच ही मापं नव्हेत. थेंबाचा आकार द्रवागणिक बदलतो, आणि ड्रॉपर बदलला की पुन्हा बदलतो. शिवाय ६५ टक्के साखरेचा पाक एक लिटर घेतला तर त्याचं वजन सुमारे १.३ किलो भरतं. म्हणजे एका बाईनं किलोमागे १ ग्रॅम घातला आणि तिच्या जावेनं लिटरमागे, तर एकाच कृतीत दोघींच्या चवीत जवळजवळ तिसऱ्या हिश्शाचा फरक पडणार. आपण सोन्याच्या गावात राहतो, इथं काट्याचं महत्त्व कुणाला सांगायला नको. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या आणि सगळं वजनावर करा. किलोभर पाकाला १ ग्रॅम म्हणजे ०.१ टक्का.

नवीन इसेन्स आला की आधी मोठ्या पातेल्यात जाऊ नका. चार काचेच्या बाटल्या, प्रत्येकीत १०० ग्रॅम पाक. एकीत ०.०५ ग्रॅम, मग ०.१, ०.१५, ०.२. बाटलीवर लिहिलेली कमाल मात्रा ओलांडायची नाही. बुचं घट्ट लावून रात्रभर ठेवा, कारण घट्ट पाकात इसेन्स सारखा पसरायला वेळ लागतो आणि घातल्या घातल्या घेतलेली चव फसवते. सकाळी ज्याला आकडे माहीत नाहीत अशा माणसाला चाखायला द्या. आणि ज्या रूपात विकणार त्याच रूपात द्या. गोळ्याचं सरबत ग्लासात पाणी घालून तपासलं तर निकाल चुकणार. बर्फानं जीभ बधिरते, गारव्यात गोडी कमी लागते आणि फ्लेवर उडतोही कमी. लोटगाडीवरच्या गोळ्याला जी मात्रा लागते ती सरबताला भडक होते, त्यात नवल नाही.

तुम्ही स्वतः चाखू नका असं का म्हणतो? दोन तास खसच्या वाफेत उभं राहिलेल्या नाकाला खस येतच नाही. नाक ओळखीचा वास काही मिनिटांत बाजूला टाकतं. अत्तरवाल्याला स्वतःच्या दुकानाचा वास येत नाही तो यामुळंच. फिक्या चवीच्या निम्म्या तक्रारी इथं मिटतात असा माझा अनुभव आहे. बाहेर मोकळ्या हवेत जा, पाणी प्या, अर्ध्या तासानं परत या. सर्दी असेल तर त्या दिवशी मात्रा ठरवूच नका. कोविडनंतर ज्यांचा वास पूर्ण परत आलेला नाही त्यांनी हे काम घरातल्या दुसऱ्या कुणाला द्यावं, त्यात कमीपणा काही नाही.

इसेन्स ठीक, मात्रा ठीक, नाक ठीक, तरी चव उठत नाही? मग आंबट बघा. आंबा, अननस, काला खट्टा ह्या चवी आपल्या डोक्यात आंबटासकट बसलेल्या आहेत. नुसत्या गोडात अननसाचा वास दिला तर मेंदूला तो खोटा वाटतो. चिमूटभर सायट्रिक अॅसिड आणि किंचित मीठ घालून बघा. पुष्कळदा इसेन्स उलट कमी करावा लागतो. बटरस्कॉच, कॅरामलवाल्यांनी इथाइल माल्टॉलवर नजर ठेवावी. बुढ्ढी के बालचा जो जळक्या साखरेचा वास, तो त्याचा. जरा जास्त झालं की बाकीचे सगळे वास दबून जातात.

साठवणीबद्दल थोडक्यात. संत्रं-लिंबाची तेलं पातळ प्लास्टिकमध्ये शिरतात. कॅन धुऊन कोरडा केला तरी त्याला वास राहतो, तो तुमच्या मालातून गेलेला. काच वापरा. ऊन आणि हवा लागली तर याच तेलांना टर्पेंटाइनसारखा वास येऊ लागतो. मोठी बाटली अर्धी झाली की लहान बाटलीत काढून ठेवा. व्हॅनिला, दालचिनी, बदाम यांतले घटक प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये पडून राहिले की त्याच्याशी संयोग पावतात आणि वास मवाळ होतो, म्हणून वर्षाचा साठा एकदम भरू नका.

सुरक्षिततेचं मात्र थोडक्यात उरकणार नाही. ‘फूड ग्रेड’ आणि ‘इंडस्ट्रियल’ यांच्या दरातला फरक बघून मोह होतो. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले, ते औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघालं म्हणून. न्यायमूर्ती लेंटिन आयोग त्यावरच बसला होता. दिसायला पारदर्शक, चवीला गोड, आणि मूत्रपिंडं निकामी करणारं. तेव्हा सुटं ग्लिसरीन, सुटं ग्लायकॉल घ्यायचं नाही. सीलबंद बाटली, त्यावर अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक, बॅच, तारीख. अगरबत्तीचा गुलाब स्वस्त आणि दमदार असतो, तो सरबतात जाता कामा नये. त्या सुगंधात पातळ करायला बहुधा डायइथाइल थॅलेट घालतात, ते पोटात घ्यायची वस्तू नव्हे.

मघाशी मागच्या रांगेतल्या मुलांनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘सर, हेच इसेन्स ग्लिसरीनमध्ये घालून व्हेपचं (ई-सिगारेटचं) लिक्विड घरी बनवतात, त्यातही चव कमी येते, काय करावं?’ विचारलंत हे बरं केलंत. परदेशात जिथं ते कायदेशीर आहे तिथं घरी मिसळणारे हीच तक्रार करतात आणि कारणंही हीच निघतात. थेंबांनी मोजणं, घट्ट ग्लिसरीनमध्ये इसेन्स मुरायला वेळ न देणं, आणि तोच वास दिवसभर ओढून थकलेलं नाक. पण मात्रा किती वाढवायची हे मी सांगणार नाही, आणि आपल्याकडं २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, विक्री, वाहतूक, साठा आणि जाहिरात बंद आहे हे त्यामागचं दुसरं कारण. उत्पादन, विक्री, वाहतूक किंवा जाहिरातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पहिलं कारण फुप्फुस. तुमच्या बटरस्कॉचला लोण्याचा वास देणारं डायअॅसिटिल घ्या. ते खऱ्या लोण्यातही असतं, खाल्लं तर पचून जातं. २००० साली अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातले आठ माजी कामगार फुप्फुसाच्या एका दुर्मीळ आजारानं ग्रासल्याचं उघड झालं. हवेच्या अगदी बारीक नळ्यांवर वण येऊन त्या आक्रसतात, आणि हे नुकसान भरून येत नाही. ते लोक लोण्याच्या फ्लेवरची वाफ रोज हुंगत होते. पोटाला यकृत आहे, जठररस आहे. फुप्फुसात हवा आणि रक्त यांच्यामध्ये अतिशय पातळ पडदा आहे, बाकी अडवणारं फारसं काही नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपिंगमुळं फुप्फुसाच्या आजाराची साथच आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात पोचले किंवा दगावले, त्यांत ६८ मृत्यू. तपासात बोट मुख्यतः व्हिटॅमिन ई अॅसिटेटकडं गेलं, गांजाच्या अर्काच्या व्हेप-कार्ट्रिजमध्ये घट्टपणासाठी मिसळलेल्या. व्हिटॅमिन म्हणून गोळीत घेतो तीच वस्तू. अमेरिकेतल्या फ्लेवर उत्पादकांची संघटनासुद्धा सांगते, की आमचा ‘सुरक्षित’ हा शिक्का खाण्यापुरता आहे, ओढण्यासाठी नाही. मुलांनो, संत्र्याचं तेल किंवा बटरस्कॉच तापवून छातीत घ्यायची वस्तू नाही. हे तुमच्या घरातल्यांनाही लागू आहे: इसेन्स ओतताना खिडकी उघडी ठेवा, बाटलीला नाक लावून हुंगू नका, कागदाच्या पट्टीवर थेंब घेऊन लांबून वास घ्या. अल्कोहोलातला इसेन्स पेटत्या शेगडीजवळ उघडू नका.

शेवटी रावेरच्या ताईंचा प्रश्न. आमच्या दारात केळीचे घड, आणि केळीचा इसेन्स मात्र कधीच आमच्या केळीसारखा लागत नाही, असं त्या म्हणतात. ताई, तो लागणारच नाही. स्वस्त इसेन्समध्ये मुख्यतः एकच आयसोअमाइल अॅसिटेट असतं. खऱ्या केळीत त्याच्या जोडीला बरीच मंडळी असतात, कच्च्या पानासारखा हिरवा वास असतो, आणि पिकल्या केळीत लवंगेतलं युजेनॉलही असतं. म्हणून मात्रा वाढवली की केळी जवळ येत नाही, नेलपॉलिश जवळ येतं. इसेन्स निम्मा करा, व्हॅनिलाचा स्पर्श द्या, लवंगेचं पाणी अगदी नखभर. आणि थोडा खरा गर घाला. पण गर आला की टिकण्याचं गणित बदलतं. केळी फारशी आंबट नसते, त्यामुळं माल टिकवायला घालतात ते सोडियम बेंझोएट तिथं नीट चालत नाही. सायट्रिक घालून पीएचच्या (आंबटपणा मोजणाऱ्या) कागदावर आकडा ४ च्या खाली आणा, मगच बाटली भरा, फ्रिजमध्ये ठेवा, आणि बूच उघडताना फसफसलं तर ती बाटली विकू नका.