पोळी-भाजी केंद्रातली प्रेमकथा

आजचा विषय ऐकून काहींनी नाकं मुरडली असणार. लहान गावात घडणारी हळुवार प्रेमकादंबरी, तीही नवऱ्याच्या छळातून बाहेर पडलेल्या बाईची. इंग्रजीत अशा कादंबऱ्यांचं पेव फुटलंय आणि आपल्याकडच्या मुली त्या फोनवर वाचतात. सकाळच्या ठाणे-वाशी गाडीत लेडीज डब्यात बघा, एका हातानं कडी धरलेली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं पान सरकवणं चाललेलं. त्यांना हसू नका. मी या कादंबऱ्या बऱ्याच वाचल्यात. निम्म्याअधिक पन्नास पानांत मिटून ठेवाव्यात अशाच आहेत. उरलेल्यांबद्दल मला बोलायचंय.

साचा ठरलेला. बाई रात्रीची गाडी काढते आणि दूर कुठल्याशा गावात येते. गावात एक तळं, एक बेकरी, चौकशा करणारी एक प्रेमळ म्हातारी आणि एक अबोल सुतार. तीनशे पानांनी सगळं गोड. हा गोड शेवट लेखिकेच्या मर्जीवर सोडलेला नसतो. अमेरिकेतल्या प्रणयकादंबरीकारांच्या संघटनेनं व्याख्याच करून ठेवली आहे: केंद्रस्थानी प्रेमकथा हवी आणि शेवट समाधान देणारा, आशादायी हवा. म्हणजे शेवट काय होणार हे ठाऊक असूनच वाचक पुस्तक उघडतो. आपल्याला याचं नवल वाटायला नको. श्रावणात कहाणी ऐकायला बसणारीलाही ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ होणार हे माहीतच असतं. ती तिथवर कशी पोचते, यासाठी ती ऐकते.

तर कशी पोचते? माझ्या मते या कथेत खरी गोष्ट एकच आहे: बारीकसारीक निर्णय बाईच्या हातात परत येणं. प्रेम त्यानंतरचं.

कौटुंबिक हिंसाचाराचा 2005चा कायदा छळाचे प्रकार सांगतो. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक. मार दिसतो, निदान वळ दिसतात. एटीएम कार्ड कुणाच्या पाकिटात आहे, माहेरी फोन कुणासमोर बसून करायचा, आमटीत गूळ किती, हे कुणाला दिसत नाही. वर्षानुवर्षं असं काढलेली बाई ठाणे शहरात आली, असं समजा. इथे बेकरीच्या जागी पोळी-भाजी केंद्र घालू, नौपाड्यात त्यांना तोटा नाही. पहिल्या दिवशी केंद्राच्या मालकीणबाई विचारतात, “चहात साखर किती गं?” ती म्हणते, “कितीही चालेल.” ही नम्रता नव्हे. तिला खरंच आठवत नाही. साखर किती आवडते हे तिला कुणी विचारलेलंच नाही, आणि चुकीचं उत्तर दिलं की काय होतं हे अंगाला पक्कं माहीत आहे. पुढे दीडशेव्या पानावर कधीतरी, पोळ्या लाटता लाटता, मान वर न करता ती म्हणते, “माझ्यात आलं नका घालू, मला आवडत नाही.” मला विचाराल तर कादंबरीचा उत्कर्षबिंदू तोच. चुंबन वगैरे नंतर येऊ दे, यायचं तर.

आता नायक. या कादंबऱ्यांची परीक्षा मी नायकावर घेते आणि प्रश्न एकच विचारते: तिनं ‘नको’ म्हटल्यावर हा काय करतो? आपण त्याचं नाक्यावर किल्ल्या बनवायचं दुकान आहे असं धरू. खोलीचं लॅच बदलायला तो येतो. दार उघडं असतं, तरी ती ‘या’ म्हणेपर्यंत बाहेरच उभा राहतो. काम झाल्यावर तिन्ही किल्ल्या तिच्यासमोर ओट्यावर ठेवतो आणि म्हणतो, “मोजून घ्या.” आठवड्यानं विचारतो, “रविवारी तलावपाळीला येणार का?” “नको.” “बरं.” त्या ‘बरं’मध्ये फुरंगटणं नाही, ‘मी काय खातोय का तुला’ नाही, मित्राकरवी निरोप नाही. हा शब्द नीट लिहिता येणं भलतं अवघड काम आहे. बहुतेक लेखिका इथे घसरतात. त्यांचा नायक रात्री तिच्या घराबाहेर पहारा देतो, तिचा फोन तपासतो, तिच्याशी बोलणाऱ्याची कॉलर धरतो, आणि वाचकांनी याला काळजी म्हणायचं! अहो, आधीचा नवराही पहिल्या सहा महिन्यांत अशीच काळजी घेत असणार.

मात्र हा साचा ठाण्यात आणला की एका ठिकाणी मोडतो, आणि तो मोडतो तिथेच मला रस आहे. इंग्रजी कादंबरीतल्या त्या गावात सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं, आणि हे ऊब म्हणून येतं. आपली नायिका याच गोष्टीपासून पळालेली असते. ‘चार लोक काय म्हणतील’ यानंच तर तिला इतकी वर्षं डांबून ठेवलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21च्या फेरीत, लग्न झालेल्या 18 ते 49 वयाच्या सुमारे 29 टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. आणि हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे मदत मागितलेल्या फक्त 14 टक्क्यांच्या आसपास. बाकीच्यांच्या शेजारी काय प्रेमळ म्हाताऱ्या नव्हत्या? होत्या की. त्यांच्याच भीतीनं तोंडं मिटलेली होती.

म्हणून मराठी कादंबरीत प्रवास उलटा हवा. लहान गावातून इथे, जिथे तिला कुणी ओळखत नाही. पण इथेही एजंट पहिल्याच भेटीत विचारतो, “मिस्टर काय करतात?” एकट्या बाईला जागा द्यायची की नाही यावर सोसायटीत खल होतो. अकरा महिन्यांचा करार, त्याची नोंदणी, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती, आणि या सगळ्याच्या मुळाशी आधार कार्ड. तिथे गंमत बघा. ओटीपी जातो नवऱ्याच्या मोबाइलवर! बँक खात्याचाही तिथेच. ती इथे ठाण्यात एका रांगेत उभी आहे आणि तिकडे त्याचा फोन टिंगटिंग वाजतोय. रहस्यकथा लिहिणाऱ्यांनी हेवा करावा असा प्रसंग आहे हा, आणि कुणी लिहीत नाही. आधार केंद्रात स्वतः जाऊन, ठसा देऊन नंबर बदलता येतो, त्याला वेगळी कागदपत्रंही लागत नाहीत. हे तिला पोळी-भाजी केंद्रातली दुसरी पोळ्या लाटणारी सांगते. तिला कसं माहीत, हे आपली नायिका विचारत नाही. आपल्या कादंबरीतलं गाव ते हे: चार बायकांचं, नको ते न विचारणारं.

पूर्वसुरी शोधायचे तर फार लांब जायला नको. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’चं नाव घेतात, ती 1857ची आणि विषय विधवांच्या हालअपेष्टांचा. विधवाविवाहाचा कायदा त्याच्या आदल्याच वर्षीचा. म्हणजे बाईनं आयुष्य पुन्हा सुरू करावं की नाही, या प्रश्नानंच आपली कादंबरी सुरू झाली. पण विधवेबद्दल निदान हळहळ तरी होती. जिवंत नवऱ्याला सोडून आलेलीची उलटतपासणी होते. हिंदू विवाह कायदा 1955चा, पण क्रूरता हे त्यात घटस्फोटाचं कारण म्हणून आलं 1976च्या दुरुस्तीनं. तोवर तेवढ्यावर फक्त कायदेशीर विभक्त राहता यायचं. 1893पासून ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. त्याची पहिली ऐंशीएक वर्षं या नायिकेला नवा संसार मांडायची वाट कायद्यातच धड नव्हती, तर कपाटात ती कुठून सापडणार?

आता शेवटाबद्दल. इंग्रजी कादंबरीत तिसऱ्या अंकात नवरा पत्ता काढत येतो. हे खोटं नाही. बाई घर सोडते तो आणि त्यानंतरचा काळ सर्वांत धोक्याचा असतो, हे या क्षेत्रात काम करणारे सगळे सांगतात. खोटं असतं ते पुढचं. सुतार त्याला ठोसा मारतो आणि प्रश्न मिटतो. माझ्या कादंबरीत किल्लीवाल्यानं हात उचलू नये. नायिकेकडे दंडाधिकाऱ्यांचा संरक्षण आदेश आहे. तो मोडणं हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 112 ती स्वतः फिरवते, आवाज कापत असला तरी पत्ता नीट सांगते. महिलांसाठीचा 181 हा नंबर केंद्राच्या फळ्यावर डब्यांच्या दरांखाली आधीपासून लिहिलेला असावा. तेवढा प्रचार मी कादंबरीत चालवून घेईन.

आणि लग्न? ‘आशादायी शेवट’ म्हटलं की प्रकाशक मुंडावळ्या मागणार. पण घटस्फोटाची केस चालू असताना कसलं लग्न? तारखा पडताहेत, समोरचा वकील गैरहजर, पुन्हा तारीख. मला हे बरंच वाटतं. लेखिकेला घाई करताच येत नाही. मी शेवट अकराव्या महिन्यावर करीन. करार संपलाय, एजंट भाडं दोन हजारांनी वाढवायचं म्हणतोय आणि ती म्हणतेय, “पाचशे. आणि मोरीचा नळ आधी बदलून द्या.” किल्लीवाला तिथे नाहीच. त्याला ती संध्याकाळी सांगेल, वाटलं तर.

आता प्रश्न घेऊ. मागे आवाज पोचत नसेल तर पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत.