मूळ तबकडी फेकू नका

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, पत्रिकेत विषय छापलाय 'छोट्या प्लेअरसाठी व्हिडिओ कन्व्हर्ट कसा करावा'. ते सांगणारच आहे. पण त्याआधी माझ्या मनातलं बोलू द्या. किती जणांच्या कपाटात लग्नाच्या, मुंजीच्या व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओच्या जुन्या सीडी, आहेत? हात वर करा. बघा, जवळजवळ सगळेच! आणि त्या लावायला मशीन किती जणांकडे आहे? (हशा)

व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, सेकंदाला २५ फ्रेम्स, एमपेग-१ नावाच्या पद्धतीनं आवळलेलं, म्हणजे कमी जागेत बसवलेलं. मराठी नाटकं आणि सिनेमे कितीतरी घरांत पोचले ते याच तबकड्यांवरून. एका तबकडीत सव्वा तासाच्या आसपासच मावायचं, म्हणून ऐन रंगात आलेलं नाटक थांबवून कोणीतरी उठायचं आणि दुसरी तबकडी लावायचं. तुम्हीही उठला असाल.

मग बाजारात स्वस्त 'एमपी-फोर प्लेअर' आले. खोक्यावर मोठ्या अक्षरांत एमपी-फोर, आणि त्यातल्या कित्येकांत एमपी-फोर फाइल टाकली तर चालायचीच नाही! त्यांना लागायची एएमव्ही नावाची फाइल. आतली चिप इतकी साधी, की एका फ्रेमवरून पुढची फ्रेम रचायचं गणित तिला झेपत नसे. म्हणून प्रत्येक फ्रेम स्वतंत्र फोटोसारखी साठवायची, तीही फाइलमध्ये उलटी, डोकं खाली पाय वर. पडदा बहुधा १६० बाय १२०, फ्रेम्स सेकंदाला १२ वगैरे. स्वस्तात चित्र हलवून दाखवलं, त्या इंजिनिअरांचं मला कौतुकच आहे. माझा राग आहे तो खोक्यावर खोटं छापणाऱ्यांवर.

आणि त्याहून जास्त राग आहे तो दुकानात काय व्हायचं त्यावर. माझ्या मावशीनं मुलाच्या मुंजीची व्हीसीडी एका दुकानात दिली. दुकानदारानं ती अशा प्लेअरमध्ये भरून दिली आणि सांगितलं, "आता तबकडीची गरज नाही." मावशीनं विश्वासानं ती टाकून दिली. पाचातले चार ठिपके गेले, निम्म्याहून जास्त फ्रेम्स गेल्या. आज मोठ्या टीव्हीवर ती मुंज लावली की मातृभोजनाला मांडीवर बसलेला बटू ओळखू येत नाही. आजोबा त्यानंतर वर्षभरात गेले. त्यांचा चेहरा म्हणजे चार चौकोन. हे कोणतंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. आणलंच तर ते अंदाजानं काढलेलं चित्र असेल, आमचे आजोबा नसतील.

म्हणून हात जोडून सांगतो, प्लेअरसाठी केलेली प्रत ही वापरून टाकायची प्रत. मूळ वेगळं ठेवा आणि नवं यंत्र आलं की पुन्हा मुळावरूनच प्रत काढा. व्हीसीडी तर आजच उतरवून घ्या. जागा वाचवण्यासाठी तिच्या व्हिडिओच्या भागात चुका दुरुस्त करणारा जादा थर ठेवलेलाच नाही, त्यामुळे ओरखडा थेट चित्रावर उमटतो. तबकडीवर 'एमपेगएव्ही' नावाचा फोल्डर असतो. त्यातल्या डीएटी फाइली जशाच्या तशा हार्ड डिस्कवर घ्या.

दहा मिनिटं राहिल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ विषय भराभर घेतो.

उदाहरण २००५ च्या व्हिडिओवाल्या आयपॉडचं घेऊ. आजही पुष्कळ लोक बॅटरी बदलून तो वापरतात. पडदा ३२० बाय २४०. एच.२६४ ही व्हिडिओ आवळायची पद्धत चालते, पण फक्त बेसलाइन प्रोफाइल, म्हणजे तिचा साधा प्रकार, सेकंदाला ७६८ किलोबिटपर्यंत. "फाइल एच.२६४ आहे, तरी का चालत नाही?" हा प्रश्न मला नेहमी येतो. कारण ती बहुधा हाय प्रोफाइलमध्ये, म्हणजे त्याच पद्धतीच्या जड प्रकारात असते. हँडब्रेक या कन्व्हर्ट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोफाइल बेसलाइन निवडा, आवाज एएसी पद्धतीनं १२८ किलोबिटवर ठेवा. तासाला साधारण ४०० एमबी होतील.

व्हीसीडीचे ठिपके चौरस नसतात. सॉफ्टवेअरनं नुसते ठिपके मोजून प्रमाण राखलं तर चित्र २९३ बाय २४० होतं आणि सगळी माणसं बारीक दिसतात. सरळ ३२० बाय २४० करा, चेहरे जागेवर येतात.

फोनसाठी मात्र पुष्कळदा कन्व्हर्ट करायचीच गरज नसते. एमकेव्ही, एमपी-फोर हे फाइलचे नुसते डबे आहेत, आतली भाजी, म्हणजे चित्र आणि आवाज, तीच असू शकते. आत एच.२६४ आणि एएसी असेल तर एफएफएमपेग या सॉफ्टवेअरला 'कॉपी' सांगून डबा तेवढा बदला. मिनिटभराचं काम, चित्राला धक्का नाही.

शेवटचं, मराठी सबटायटल्स. जुन्या प्लेअरांना देवनागरीची जोडाक्षरं जुळवता येत नाहीत, ती फुटतात. ती चित्रावरच छापून घ्या, पण फक्त प्लेअरच्या प्रतीत. मुळासोबत एसआरटी, म्हणजे सबटायटल्सच्या मजकुराची फाइल वेगळी ठेवा.

लॅपटॉप आणि व्हीसीडी चालवणारा ड्राइव्ह मी सोबत आणला आहे. कोणी तबकड्या आणल्या असतील तर चहाच्या वेळात उतरवायला घेऊ.