मामाच्या नावानं आलेला मेसेज मामाचाच असतो का?

नमस्कार राजेहो. वेचणी सुरू आहे, तुमच्यातले कितीक जण हा व्हिडिओ बांधावर बसून बघत असतील, तर लांबण लावत नाही.

"सोशल मीडिया : शाप की वरदान" हा निबंध आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत लिहिलाय. पहिल्या पानावर शाप, दुसऱ्या पानावर वरदान, शेवटी "अति तिथे माती", आणि दहापैकी सात मार्क पक्के. आज तो निबंध नको. आज आपल्या गावातल्या मोबाईलबद्दल बोलू, कारण तो शहरातल्या मोबाईलसारखा वागत नाही.

शहरातला माणूस अनोळखी लोकांचं वाचतो, अनोळखी लोकांशी भांडतो. आपल्याकडं मोबाईलमध्ये कोण असतं? ग्रामपंचायतीचा ग्रुप, भाऊबंदकीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप, बचत गटाचा, हरिपाठ मंडळाचा, आणि "फक्त शेतीविषयक" म्हणून काढलेला एक ग्रुप, ज्यात शेती सोडून सगळं येतं. सगळे ओळखीचे. त्यामुळं मेसेज खरा की खोटा हे आपण वाचून ठरवतच नाही. कोणी पाठवला ते पाहतो. "हे पाय, बाबाराव मास्तरनं टाकलं हाये" एवढं म्हटलं की संपलं! माझं म्हणणं असं आहे की गावाला सोशल मीडियाचा फायदा होतो तो या भरवशामुळं, आणि गाव फसतं तेही याच भरवशामुळं.

फायदा आधी सांगतो, कारण तो खरा आहे आणि लोक तो सांगायला विसरतात.

5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं, आणि नेट रिचार्ज मोजून वापरायची सवय गेली. त्यानंतर गावात काय बदललं? थ्री फेज लाईन आज रात्री किती वाजता येणार, हे आता ग्रुपवर कळतं. ज्यांनी हरभऱ्याला पाणी देण्यासाठी थंडीत रात्री दोन वाजता वावरात जाऊन लाईनची वाट पाहिली आहे, पायाखाली साप येईल म्हणून काठी आपटत चालले आहेत, त्यांना या एका मेसेजची किंमत विचारा. विजांचंही तसंच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं 'दामिनी' नावाचं अ‍ॅप आहे, फुकट आहे, आपल्या आसपास वीज पडण्याचा धोका असला तर सूचना देतं. ते एकाच्या मोबाईलवर वाजतं, तो ग्रुपवर टाकतो, आणि निंदणाच्या बाया झाडाखालून उठून घराकडं निघतात. अ‍ॅप एकाचं असलं तरी काम ग्रुपनं केलं. नागपूरच्या मेडिकलला किंवा सेवाग्रामला पेशंट असला आणि निगेटिव्ह गटाचं रक्त लागलं, तर आजही सगळ्यात आधी मेसेज फिरतो तो ग्रुपवरच.

आणि एक फायदा मला स्वतःला लई आवडतो. आपली वऱ्हाडी. पूर्वी पुण्यात कॉलेजला गेलेलं पोरगं "मले, तुले" तोंडातून निघू नये म्हणून जीभ चावायचं. आता त्याच बोलीतल्या रीलवर पुण्याची पोरं हसतात, आणि आपल्यावर नाही, आपल्यासोबत हसतात. बरं, हा विषय निघाला की मी थांबत नाही, पुढं जाऊ.

आता तोच भरवसा उलटा कसा पडतो ते कापसावरून पाहू.

[मोबाईल कॅमेऱ्यासमोर धरतो]

हा फोटो पाहा. काटापूजन झालेलं, गाडीला हार, शेतकऱ्याला शेला-टोपी, आणि वर लिहिलंय "कापसाला विक्रमी भाव". भाव खोटा नाही बरं का. तो मुहूर्ताचा भाव आहे. हंगामाच्या पहिल्या दिवशी पहिल्या गाडीला व्यापारी मानाचा म्हणून वाढवून भाव देतो. दुसऱ्या दिवशी तुमच्या गाडीला तो मिळत नाही. पण फोटो फिरतो महिनाभर, आणि त्यावर तारीख नसते.

तारीख का महत्त्वाची? 2021-22 च्या हंगामात कापूस क्विंटलमागं 10,000 च्या वर गेला होता. पुढच्या वर्षी लोकांनी त्याच आशेनं कापूस घरात दाबून ठेवला. ग्रुपवर रोज कोणीतरी टाकायचं, "थांबा, बारा हजार होते". त्यातले किती व्हिडिओ आदल्या वर्षीचे होते देव जाणे. घरात कापसाची गंजी, लेकरांच्या अंगाला खाज सुटलेली, आणि भाव काही चढेना. 2023 च्या उन्हाळ्यात आठ हजाराच्याही खाली विकावा लागला. आता याला एकट्या मोबाईलला दोष देणार नाही मी. जगाचा बाजार, सुताची मागणी, सरकारी धोरण, हे सगळं आहेच. पण "थांबा" म्हणणारे सगळे ओळखीचे होते, म्हणून थांबणं सोपं गेलं.

भाव पाहायचा तर राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजचा येतो. तिथं तीन आकडे असतात : किमान, कमाल, सर्वसाधारण. ग्रुपवर फिरतो तो कायम कमाल. तुम्ही सर्वसाधारण पाहा, आणि त्याच्या शेजारी आवक किती क्विंटल झाली तेही पाहा. कमाल भाव कधीकधी चारदोन गाड्यांनाच मिळालेला असतो. या 2025-26 च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये आहे, त्याच्याशी ताडून पाहा. सीसीआयला, म्हणजे सरकारच्या भारतीय कापूस महामंडळाला, द्यायचा असेल तर 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी लागते, आणि ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला तर घेत नाहीत. ते अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच घ्यायचं. ग्रुपवर आलेल्या फाईलवरून घ्यायचं नाही. का, ते थोड्या वेळात सांगतो.

त्याआधी एक जड गोष्ट.

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षेकरी लोक, तिथं आले होते. मुलं पळवणारी टोळी आली अशी अफवा त्या दिवसांत मोबाईलवर फिरत होती. गर्दीनं त्या पाचही जणांना ठेचून मारलं. आपल्या गावातही नाथजोगी येतात, बहुरूपी येतात, सकाळी वासुदेव येतो. आपल्या आजीनं त्यांना सुपातून जवारी घातलेली आहे.

त्या काळात देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक असा होता : मोटारसायकलवर दोघं येतात, गल्लीत खेळणारं पोरगं उचलतात आणि पळतात. तो व्हिडिओ मुळात पाकिस्तानातल्या कराचीचा, आणि तो जनजागृतीसाठी मुद्दाम केलेला. शेवटी ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारी पाटी दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापला. एवढंच केलं. बाकी काम आपल्या ओळखीच्या लोकांनी, काळजीपोटी, "लेकरं सांभाळा" असं लिहून केलं. अडाणी लोक अफवा पसरवतात असं शहरात म्हणतात, ते मला पटत नाही. आमच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त फॉरवर्ड करणारे पेन्शनवाले आहेत, आणि त्यांच्या शुद्धलेखनात एक चूक सापडत नाही!

त्याच जुलैमध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, आणि मेसेजच्या वर 'फॉरवर्डेड' ही खूण यायला लागली.

[स्क्रीनवर बोट ठेवतो]

इथं पाहा. एक बाण असला म्हणजे मामानं दुसरीकडून आलेलं पुढं ढकललं. दोन बाण एकावर एक असले म्हणजे तो मेसेज मामाच्या आधी निदान चारपाच हात फिरून आलाय. 2020 पासून असा दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. म्हणजे कंपनीच सांगते आहे की बाबा, सावकाश. दोन बाण दिसले की मामाला विचारा, "मामा, हे तुम्ही पाह्यलं का आयकलं?" मामा म्हणतील, "मले त्या अमक्यानं पाठवलं." बस्स.

तिकडं चंद्रपूर-गडचिरोलीत तर हे जिवावरचं आहे. मोहफूल वेचायच्या, तेंदूपत्त्याच्या दिवसांत "वाघ नाल्याजवळ दिसला" हा मेसेज खरा असला तर माणूस वाचतो. पण कुठलातरी जुना, दुसऱ्याच राज्यातला वाघाचा व्हिडिओ "आपल्या शिवारात" म्हणून तीनदा फिरला, की चौथ्यांदा खऱ्या वाघाच्या मेसेजवरही लोक हसण्याचे इमोजी टाकतात.

आता ती फाईल.

ग्रुपवर मामाच्या नंबरावरून एक फाईल येते. नाव असतं "पीएम किसान नवीन यादी", नाहीतर "लग्नपत्रिका", नाहीतर "आरटीओ चलान". नावाच्या शेवटी बारीक तीन अक्षरं : एपीके. लग्नपत्रिका फोटोत येते, पीडीएफमध्ये येते. एपीके म्हणजे बघायचा कागद नाही, ते अख्खं अ‍ॅप आहे, तुमच्या मोबाईलमध्ये घर करायला आलेलं. मोबाईल स्वतः एकदा अडवतो : "अनोळखी ठिकाणाहून अ‍ॅप टाकायची परवानगी नाही." आपण काय करतो? सेटिंगमध्ये जाऊन परवानगी देतो, कारण मामानं पाठवलंय. मग ते अ‍ॅप विचारतं, तुमचे एसएमएस वाचू का? हो. तिथं खेळ संपला. बँकेचा ओटीपी तुम्हाला दिसायच्या आधी चोराला दिसतो. आणि बऱ्याचदा तुमचंच व्हॉट्सअ‍ॅप हातात घेऊन तीच फाईल तुमच्या नावानं पुढच्या सगळ्या ग्रुपवर जाते. मामा तेव्हा वावरात असतात. रात्री जावई फोन करतो तेव्हा म्हणतात, "म्या तं काईच नाई पाठवलं बाप्पा!"

चुकून दाबलं गेलं तर? आधी एअरप्लेन मोड चालू करा आणि वायफाय असेल तर तेही बंद. मोबाईलचं नेट तुटलं पाहिजे. मग दुसऱ्याच्या फोनवरून 1930 लावा. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर आहे. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवत असतो. तुमची तक्रार नोंदली की ती त्या बँकांकडं जाते, आणि वाटेत जी रक्कम शिल्लक सापडेल ती गोठवता येते. म्हणून पहिला तास मोलाचा. पैसे कटल्याच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक जवळ ठेवा, तो विचारतात. बँकेला फोन करून खातं थांबवा. मोबाईल जाणकाराकडून साफ करून घेईपर्यंत त्यावर फोनपे, गुगलपे उघडू नका, आणि सगळ्या ग्रुपवर कोणाकडून तरी निरोप द्या की आमच्या नावानं आलेली फाईल उघडू नका.

हे सगळं लोकांना सांगितलं तरी करत नाहीत, आणि त्याचं कारण नेट येत नाही हे नसतं. लाज असते. "गावात हसतील, बायको बोलीन, पोरगा म्हणीन तुमाले मोबाईलच नको." म्हणून माणूस रात्रभर पंख्याकडं पाहत पडून राहतो आणि सकाळी तालुक्याला जातो. तोवर पैसे निघून गेलेले असतात. घरातल्या पोरांना सांगतो : बापानं येऊन फसल्याचं सांगितलं, तर आधी 1930 लावा. रागवायचं ते दुसऱ्या दिवशी रागवा.

पोलिसांचा ड्रेस घालून व्हिडिओ कॉलवर कोणी "डिजिटल अरेस्ट" केलं म्हणाला तर फोन कापा, कायद्यात अशी अटकच नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं बंदीचा कायदा केलाय. तरी टेलिग्रामवर सट्ट्याचे ग्रुप चालतात आणि त्यात आठवड्याची मजुरी जाते. त्यावर वेगळा व्हिडिओ करीन.

आता ग्रुप अ‍ॅडमिन लोकांसाठी थोडं, कारण कमेंटमध्ये सारखं विचारता की कोणी काही टाकलं तर गुन्हा आमच्यावर होतो का. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढं आपल्याच गोंदिया जिल्ह्यातलं प्रकरण होतं. सदस्यानं टाकलेल्या मजकुराला, दोघांचं आधीपासून संगनमत नसेल तर, फक्त अ‍ॅडमिन आहे म्हणून माणूस जबाबदार धरता येत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. पण याचा अर्थ मजा पाहत बसायचं असा नाही. गावात तणाव असला की ग्रुप सेटिंगमध्ये जाऊन "फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवतील" करून टाका. दोन दिवस लोक रुसतील, रुसू द्या.

आणि आज रात्री जेवण झाल्यावर आईचा, बापाचा फोन हातात घ्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये अकाउंट, त्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन, तिथं सहा आकड्यांचा पिन टाका आणि तो त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. मग प्रायव्हसीमध्ये ग्रुप्स, तिथं "माय कॉन्टॅक्ट्स" करा, म्हणजे कोणी अनोळखी माणूस त्यांना शेअर बाजाराच्या ग्रुपमध्ये ओढणार नाही. शेवटी लिंक्ड डिव्हायसेस उघडा. तिथं तुमच्या ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर लगेच लॉग आउट करा.

पुढचा व्हिडिओ सीसीआयच्या नोंदणीवर आहे, सातबाऱ्यावरचा पीकपेरा जुळत नाही म्हणून ज्यांची अडली आहे त्यांच्यासाठी. तोवर खाली कमेंटमध्ये तुमच्या बाजार समितीचा आजचा सर्वसाधारण भाव टाका. तारखेसकट टाका, नाहीतर पुढच्या वर्षी तोच फिरत येईल.