न कळलेला आदेश

ओव्हल मैदानाच्या कडेला उभी असलेली ही दगडी इमारत मुंबई उच्च न्यायालयाची आहे. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी येथे न्यायमूर्ती रणजित मोरे आणि न्यायमूर्ती एन. जे. जमादार यांच्या खंडपीठाने केंद्रीय गृह मंत्रालयाचे तीन आदेश रद्द केले. मुंबईतील एका व्यावसायिकाचे फोन ऐकण्याची परवानगी या आदेशांनी दिली होती. त्यांतला पहिला आदेश २९ ऑक्टोबर २००९चा होता. तो बेकायदेशीर असल्याचा निर्णय यायला जवळपास दहा वर्षे लागली.

सरकारी बँकेतील अधिकाऱ्याला कर्जासंबंधीच्या कामासाठी १० लाख रुपयांची लाच दिल्याचा आरोप या व्यावसायिकावर होता. आरोप गंभीर होता, यात शंका नाही. परंतु १८८५च्या तार कायद्याचे कलम ५(२) सरकारला दुसऱ्याचे बोलणे ऐकण्याची मुभा देत होते ती सार्वजनिक आणीबाणी उद्भवली असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असेल तेव्हाच. या प्रकरणात दोहोंपैकी काहीही नसल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले, ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले आणि खटल्यात त्यांचा आधार घेण्यास मनाई केली.

या पहिल्या आदेशाच्या अकरा महिने आधी याच शहरात आणखी काही संभाषणे ऐकली गेली होती. नोव्हेंबर २००८च्या त्या रात्री हल्लेखोर आणि पाकिस्तानात बसलेले त्यांचे सूत्रधार फोनवर बोलत होते, आणि ते बोलणे आपल्या यंत्रणा मुद्रित करत होत्या. कटाचा माग दाखवणारा तो अत्यंत मोलाचा पुरावा ठरला. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२च्या निकालात त्या संभाषणांची सविस्तर चर्चा केली आहे. सरकारने कोणाचेही बोलणे कधीच ऐकू नये, असे म्हणणे मुंबईत राहणाऱ्या माणसाला शक्य नाही, आणि आम्हीही तसे म्हणत नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे, की ऐकण्याचे कारण खरे होते की नव्हते हे तपासणार कोण, आणि ज्याचे ऐकले गेले त्याला ते कधी कळणार.

त्या व्यावसायिकाला हे कळले ते खटला उभा राहिला म्हणून. ध्वनिमुद्रणे पुरावा म्हणून पुढे आली आणि म्हणूनच त्याला न्यायालयात दाद मागता आली. आता अशा माणसाचा विचार करा, ज्याचा फोन महिनोन् महिने ऐकला गेला आणि ज्याच्याविरुद्ध काहीही सापडले नाही. त्याच्यावर खटला होत नाही, त्यामुळे त्याच्यापुढे कोणतेही कागद येत नाहीत, आणि आपल्या घरातले बोलणे कोणी ऐकले होते हे त्याला आयुष्यभर समजत नाही. आरोपीला निदान दाद मागण्याची वाट मिळते. निर्दोष माणसाला ती कधीच मिळत नाही. या विषयातला सर्वांत मोठा अन्याय आम्हाला हाच वाटतो.

फोन टॅपिंगला पहिला मोठा लगाम सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी घातला. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर न्यायमूर्ती कुलदीप सिंग आणि न्यायमूर्ती एस. सगीर अहमद यांनी सांगितले, की टेलिफोनवरचे संभाषण हा खासगीपणाचा भाग आहे. आदेश गृहसचिवानेच द्यावा, तो दोन महिने चालावा, एकूण मुदत सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये आणि एका समितीने प्रत्येक आदेश तपासावा. आदेशापूर्वी न्यायाधीशाची परवानगी घ्यावी, ही मागणी मात्र कायद्यात तशी तरतूद नाही या कारणाने मान्य झाली नाही. म्हणून आजही केंद्रात आदेश देणारे गृहसचिव सरकारचे आणि तो तपासणारी समितीही सरकारचीच असते: तिचे अध्यक्ष मंत्रिमंडळ सचिव असतात आणि इतर सदस्यही सचिव दर्जाचे अधिकारीच असतात.

या समितीसमोरचे काम किती असते, हे न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१८च्या अहवालात नोंदवले आहे. दोन महिन्यांतून एकदा होणाऱ्या बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश तपासण्याची जबाबदारी तिच्यावर येते. समजा बैठक न थांबता आठ तास चालली, तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. एवढ्या वेळात आदेशावरचे नावसुद्धा नीट वाचून होत नाही.

डिजिटल संदेशांच्या बाबतीत संरक्षण वाढायला हवे होते. ते कमी झाले. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ संदेश अडवून पाहण्याचा, त्यावर लक्ष ठेवण्याचा आणि कूटबद्ध मजकूर उलगडून घेण्याचा अधिकार देते. त्यात सार्वजनिक आणीबाणीची किंवा सार्वजनिक सुरक्षिततेची पूर्वअट नाही आणि कोणत्याही गुन्ह्याचा तपास हेही पुरेसे कारण मानले आहे. या कलमाखाली २० डिसेंबर २०१८ रोजी गृह मंत्रालयाने दहा यंत्रणांना अधिकार दिले.

संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवर कूटबद्ध होऊन घेणाऱ्याच्या फोनवरच उघडत असेल, तर कंपनीकडे मागून मजकूर मिळत नाही. मग फोनच ताब्यात घ्यावा लागतो, किंवा त्यात गुप्तपणे शिरावे लागते. पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरविषयीचा वाद २०२१मध्ये उभा राहिला तो यामुळेच. असे सॉफ्टवेअर फोनमधले जुने फोटो पाहू शकते आणि मायक्रोफोनही सुरू करू शकते, त्यामुळे त्याला नुसते ‘ऐकणे’ म्हणणे चुकीचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तपास करवून घेतला. २९ फोन तपासले गेले आणि ५ फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर आढळले, मात्र ते पेगाससच होते असे निश्चित सांगता आले नाही. केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, असे समितीने कळवल्याचे न्यायालयाने ऑगस्ट २०२२मध्ये सांगितले.

लपवण्यासारखे काही नसेल तर घाबरायचे कशाला, असे अनेक जण मनापासून विचारतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की प्रत्येक संभाषणाला दोन टोके असतात. आदेशात नाव एकाचेच असते. परंतु त्याला फोन करून सासरचा जाच सांगणारी बहीण, तपासणीचा निष्कर्ष कळवणारे डॉक्टर आणि सल्ला देणारे वकील यांचेही शब्द त्याच नोंदीत जमा होतात. त्यांच्याविषयी कोणी साधा संशयही घेतलेला नसतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने ठरवले. परंतु भंग झाल्याचे कळलेच नाही, तर हक्क वापरणार कसा? यावर उपाय अशक्य नाही. अमेरिकेत गुन्ह्याच्या तपासासाठी फोन ऐकायचा असेल तर आधी न्यायाधीशाचा आदेश लागतो, आणि त्याची मुदत संपल्यावर साधारणपणे ९० दिवसांच्या आत संबंधित व्यक्तीला तसे कळवावे लागते; योग्य कारण दाखवल्यास न्यायाधीश ही सूचना लांबवू शकतो. तपास चालू असताना गुप्तता, आणि तपास संपल्यावर सूचना.

आपल्याकडे दूरसंचार कायदा २०२३मध्ये नव्याने लिहिला गेला आणि संदेश अडवण्याविषयीचे त्याखालचे नियम ६ डिसेंबर २०२४ रोजी अधिसूचित झाले. जुनीच चौकट त्यांत पुढे चालू राहिली आहे: गृहसचिवांचा आदेश, सचिवांची समिती आणि ठरावीक मुदतीनंतर नोंदी नष्ट करण्याची सक्ती. ही सक्ती खासगीपणा जपण्यासाठी आहे आणि ती योग्यच आहे. परंतु ज्याचे बोलणे ऐकले गेले त्याला ते कळवण्याआधीच या नोंदी नाहीशा होतात, कारण त्याला कळवण्याची तरतूद या नियमांतही केलेली नाही.