काचेवर पाणी येत नाही? आधी आवाज ऐका

श्रोतेहो, नमस्कार.

कपाशीच्या दिवसांत संध्याकाळी जळगावहून धुळ्याकडे निघालात, तर एरंडोल-पारोळ्याच्या पट्ट्यात सूर्य थेट डोळ्यांवर येतो. पुढे कापसाचा ट्रक, काचेवर धुळीचा थर. पाण्यासाठी स्टिअरिंगजवळची वायपरची दांडी ओढली, वायपर फिरला, पण पाणी आलंच नाही, तर कोरडी धूळ फासली जाऊन काच पांढरी होते. समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. शिवाय त्या धुळीने पडलेले ओरखडे कायमचे. म्हणून हा बिघाड किरकोळ समजून पुढे ढकलू नका, हे मी कळकळीने सांगतो.

अनेक जण थेट काचेवर पाणी फेकणारी मोटर नवी बसवून मोकळे होतात. ती घाई नको. गाडी शांत जागी उभी करा, इंजिन बंद ठेवा, फक्त चावी फिरवा आणि दांडी ओढा. बॉनेटच्या कडेकडून, बहुतेक गाड्यांत पुढच्या चाकाजवळून, बारीक घुंऽऽ असा आवाज येतो का? पुढचा सगळा तपास या एका आवाजावर आहे.

आवाज येतोय, तर मोटर फिरते आहे. मग टाकीत पाणी आहे का बघा. परवा भरलेली टाकी आज न वापरता रिकामी असेल, तर टाकीला चीर गेली आहे किंवा मोटर जिथे टाकीत बसते तिथलं रबर गळतंय. पाणी असेल, तर बॉनेट उघडून नोझलला, म्हणजे काचेवर पाणी फवारणाऱ्या तोंडाला, जोडलेली नळी हलकेच काढा आणि घरातल्या कुणाला दांडी ओढायला सांगा. नळीतून जोरात धार आली, की दोष नोझलचा. नाही आली, तर मागे मागे जा. जिथे नळीला दोन फाटे फुटतात तो जोड बघा. आपल्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा, रबर कडक होऊन तडकतं. उंदरांनी कुरतडलेल्या नळ्याही कमी नसतात. थेट मोटरीच्या तोंडाशीही धार नसेल, तर टाकीतली जाळी गाळाने बुजलेली असते.

आपल्याकडे नोझल बुजण्याचं मोठं कारण म्हणजे बोअरचं पाणी. कूलरच्या गवतावर पांढरा थर चढतो ना, तोच थर त्या टाचणीएवढ्या भोकात चढतो. बारीक सुई अलगद फिरवा. जाड टाचणी खुपसू नका, भोक मोठं झालं की धारेचा जोर जातो. थर घट्ट असेल तर नोझल काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजत ठेवा, मग स्वच्छ धुवा. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी काटकसर म्हणून टाकीत ओतू नका. त्यात क्षार आणखी जास्त असतात. पावसाचं गाळलेलं पाणी किंवा आरओचं पिण्याचं पाणी चांगलं. कपडे धुण्याची पावडर तर नकोच, तिचा साका नोझलमध्येच सुकतो.

आता आवाजच येत नसेल तर? फ्यूज बघा. कोणता फ्यूज कशाचा, ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. जळालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला, वायरचा तुकडा अडकवू नका, गाडी पेटू शकते. फ्यूज शाबूत असेल, तर मोटरीचं कनेक्टर काढा. मोटर खाली असते, पावसाळ्यात चिखल उडून पिनांवर हिरवट गंज चढतो. तिथे बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प, म्हणजे वीज येते का ते दाखवणारा दिवा, लावून दांडी ओढा. दिवा लागला आणि तरी मोटर गप्प, तर मोटर गेली. आता खुशाल बदला. दिवा लागलाच नाही, तर दोष वायरमध्ये किंवा दांडीच्या स्विचमध्ये. ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनचं, तिथे स्वतः वायरी कापत बसू नका.

पाणी संपल्यावर दांडी ओढून धरायची सवय असेल तर ती मोडा. या मोटरीला गारवा पाण्यातूनच मिळतो, कोरडी फिरली की जळते.

दुरुस्ती झाली की धार कुठे पडते तेही बघा. उभ्या गाडीत ती काचेच्या मध्यापेक्षा थोडी वर पडायला हवी, कारण गाडी वेगात असली की वारा तिला खाली दाबतो. नोझलचं तोंड वळतं असेल तर सुईच्या टोकाने वळवून ते जमतं. हे काम सकाळच्या गारव्यात करा, दुपारी बॉनेटला हात लावणं मुश्किल.

नमस्कार.