थापटणं आणि रुमाल

[दृश्य: तेर. तेरणेचा काठ, गोरोबाकाकांच्या मंदिराकडे जाणारा रस्ता. वारीचे दिवस नाहीत. पायरीवर दोन म्हातारे.]

धाराशिव जिल्ह्यातलं तेर. गोरोबाकाकांचं गाव. इथली एक गोष्ट आमच्याकडच्या बहुतेक पोरांनी कीर्तनात ऐकलेली असते. संतांचा मेळा जमलाय. मुक्ताबाई म्हणते, काका, तुम्ही कुंभार. बघा बरं, यातली भाजलेली मडकी कोणती आणि कच्ची कोणती. काका थापटणं, म्हणजे मडकी थापायचं लाकूड, घेतात आणि एकेकाच्या डोक्यावर हाणत जातात. सगळे मुकाट बसतात. नामदेव तेवढा भडकतो. झालं, मडकं कच्चं ठरलं. मग नामदेव औंढ्या नागनाथला जातो, विसोबा खेचरांना गुरू करतो, आणि गोष्ट पुढं सरकते.

इथं कीर्तनकार थांबतो, लोक माना डोलावतात. मी लहानपणापासून नामदेवाच्या बाजूनं आहे. न सांगता-सवरता डोक्यात लाकूड हाणलं तर माणूस ओरडणारच. जे ओरडले नाहीत ते आतून पक्के होते की नुसते गप्प होते, हे थापटण्याला कसं कळणार?

[दृश्य: लातूर, मार्केट यार्ड. सकाळ. सोयाबीनचे ढीग, कट्ट्यांच्या थप्प्या, हमालांची ये-जा.]

मी लातूरच्या यार्डात एका आडतीवर पट्ट्या करतो. म्हणजे कुणाचा किती माल आला, काय भावानं गेला, हमाली किती, तोलाई किती, हातात किती पडले, ते लिहितो. मी ऑटिस्टिक आहे, म्हणजे जन्मापासूनच माणसांशी बोलण्या-वागण्याची माझी तऱ्हा बाकीच्यांपेक्षा वेगळी. तसा तपासणीचा कागद मोठेपणी मिळाला. आपल्याकडे ही तपासणी चाळीस मुद्द्यांच्या एका भारतीय मोजपट्टीवर होते. प्रत्येक मुद्द्याला एक ते पाच गुण, आणि बेरीज ७० च्या आत राहिली तर ऑटिझम नाही. पहिलाच मुद्दा नजरेचा आहे: माणूस डोळ्याला डोळा देतो का. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात आमचाही आहे. कागद झाला, आईनं देवापुढं ठेवला, दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो.

ही फिल्म करणाऱ्यांनी मला विचारलं, माणूस मुळात चांगला असतो की वाईट, तुला काय वाटतं? मी दोन दिवस मागून घेतले. मला असे प्रश्न घाईत जमत नाहीत. दोन दिवसांनी मी त्यांना सांगितलं, कॅमेरा घेऊन यार्डात या.

[दृश्य: आडतीचा ओटा. निवेदक टेबलाशी, मान खाली, लिहितो आहे. समोर शेतकरी उभा.]

माझ्याबद्दल लोक काय बोलतात ते आधी ऐका. मी मान खाली घालून आकडा सांगतो. समोरचा शेतकरी मालकाला म्हणतो, "हे पोरगं डोळ्याला डोळा देईना. कुठंतरी पाणी मुरायलंय." दुसरा म्हणतो, "लई माजलंय बघा, नीट बोलना सुदीक." नातेवाइकांत माझं नाव घुम्या. शाळेत लबाड. छडी मारताना मी हसलो होतो म्हणून जास्त मार बसला. घाबरलो की माझं तोंड तसं होतं, याला मी काय करू?

याच्यावर अमेरिकेत अभ्यास झालाय, २०१७ साली छापून आला. ऑटिस्टिक आणि बाकीच्या माणसांच्या काही सेकंदांच्या चित्रफिती लोकांना दाखवल्या आणि विचारलं, याच्याशी बोलाल का, शेजारी बसाल का? ऑटिस्टिक माणसांना तेवढ्या सेकंदांतच कमी पसंती मिळाली. मग तीच बोलणी नुसती कागदावर लिहून दिली. चेहरा नाही, आवाज नाही, फक्त शब्द. फरक गेला. म्हणजे आम्ही जे बोलत होतो त्यात खोट नव्हती.

त्याच्या आधी, २०१२ मध्ये, डॅमियन मिल्टन नावाच्या इंग्लंडमधल्या समाजशास्त्रज्ञानं, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, एक मुद्दा मांडला होता. ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही, असं १९८५ पासून प्रयोगांच्या आधारानं सांगत आले होते. मिल्टन म्हणाला, बरं, पण बाकीच्यांना तरी आमचं मन कुठं कळतं? अडचण दोन्हीकडून आहे, फक्त नाव एकाच बाजूचं घेतलं जातं. आमच्या यार्डातल्या कुणी मिल्टन वाचलेला नाही. पण शेतकऱ्यानं माझ्या नजरेवरनं माझं मन वाचलं आणि साफ चुकीचं वाचलं, हे मी रोज बघतो. माझ्या वाट्याला जो वाईटपणा आला, त्यातला बहुतेक असा आहे. त्या लोकांच्या पोटात पाप नव्हतं. त्यांनी थापटणं हाणलं आणि आवाज ऐकला, एवढंच.

[दृश्य: यार्डातला रस्ता. हमाल पाठीवर कट्टा घेऊन जातो. कडेला तीन-चार बायका, खराटे आणि सुपं घेऊन बसलेल्या.]

आता हे नीट बघा. कॅमेरा हमालाच्या चेहऱ्यावर नेऊ नका, त्याच्या हातातल्या, पोतं ओढायच्या लोखंडी आकड्यावर ठेवा.

ऑक्टोबरात सोयाबीन येतं तेव्हा या बायका सकाळीच येऊन बसतात. सांडलेलं झाडायचं, सुपात पाखडायचं, माती काढायची आणि संध्याकाळी जे शेर-दोन शेर होईल ते विकायचं. त्यात एक म्हातारी आहे. तिला नीट दिसत नाही, त्यामुळे बाकीच्या बायकांच्या मानानं तिच्या सुपात कमी येतं. हा हमाल तिच्यासमोरनं जाताना कट्टा खांद्यावर सरकवतो. सरकवताना आकडा जरा खोल रुततो, पोतं जरा फाटतं, आणि मूठभर दाणे तिच्या पुढ्यात पडतात. तो खाली बघत नाही. ती वर बघत नाही. परतीच्या खेपेला पुन्हा तिथंच खांदा बदलतो. इतकी लांबलचक वाट सोडून तिथंच.

माल औशाकडच्या एका शेतकऱ्याचा. तोही कडेला उभा राहून हे बघत असतो. त्यानं बघितलेलं मी बघितलंय. तो काही बोलत नाही. आणि हाच शेतकरी तासाभरानं माझ्या टेबलाशी येतो आणि हमालीच्या चाळीस रुपयांवरनं असा तंडतो की मालकाला आतनं उठून यावं लागतं.

हमाल? तो दुपारी डबा खाताना चार जणांत माझी नक्कल करतो. मी विचारात पडलो की बोटं झाडतो, ती नक्कल त्याला फार छान जमते. सगळे हसतात. मला ते आवडत नाही.

लावा आता हिशोब. हमालानं दुसऱ्याचं धान्य सांडलं, म्हणजे चोरी. पोट भरलं म्हातारीचं, म्हणजे दान. शेतकऱ्यानं सोडून दिलं, म्हणजे मोठं मन. चाळीस रुपयांसाठी भांडला, म्हणजे कोतं मन, की नुसता गरजू? सरकारी खरेदी केंद्रावर जावं तर ओलावा बारा टक्क्यांच्या आत लागतो, आणि पावसात भिजलेलं सोयाबीन तिथं जात नाही, म्हणून तो इथं पडेल भावात घालतोय. माझ्या पट्टीत या सगळ्याला रकाना नाही. घट म्हणून अर्धा किलो मी लिहितो. मालकाला विचारलं तर म्हणतात, "चालायचंच." मालकांना ठाऊक आहे. यार्डात सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त कुणी कुणाशी बोललेलं नाही.

[दृश्य: एका गावातला सभामंडप. छताला पंखे, पात्यांवर लाल अक्षरात नावं. बटण दाबलं जातं, नावं फिरून पुसट होतात.]

देवळातल्या पंख्यांवर दात्यांची नावं असतात. पायरीवर असतात, बाकड्यावर असतात, पाण्याच्या टाकीवरही असतात. लग्नात आहेराची वही असते. एक जण नाव पुकारतो, एक जण लिहितो. मला पूर्वी याचा राग यायचा. नाव लागत असेल तर देणं खरं कसलं?

या बाबतीतही एक प्रयोग आहे, २०११ चा, कॅलिफोर्नियातला. लोकांना देणगी द्यायला सांगितली, एकदा एकट्यानं आणि एकदा कुणीतरी बघत असताना. बघणारा असला की बाकीचे लोक जास्त देत होते. ऑटिस्टिक लोक दोन्ही वेळा तेवढंच देत होते. २०२१ मध्ये आणखी एक अभ्यास छापून आला. पैसे तुम्हाला मिळतील, पण त्यासोबत एका वाईट कामालाही पैसे जातील, घेता का? कुणी बघत नसेल तर बाकीचे जास्त वेळा हो म्हणत होते. ऑटिस्टिक लोक कुणी बघो न बघो, नाही म्हणत होते. गंमत पुढंच आहे. संशोधकांनी याचा अर्थ असा लावला, की आमच्यात लवचिकता कमी आहे! वाचून मी बराच वेळ हसलो. बहुतेक योग्य जागी हसलो.

याचा अर्थ आम्ही साधू आहोत असा कुणी काढू नये. ऑटिस्टिक माणूस खोटं बोलू शकतो. मलाही येतं. फक्त मेहनत फार लागते आणि त्या मानानं मिळकत काहीच नाही.

पंख्यावरचा राग मात्र आता गेलाय. उन्हाळ्यात बेचाळीस डिग्रीला त्या मंडपात पन्नास माणसं झोपतात. नाव लिहायची सोय नसती तर तो पंखा तिथं नसता, हे मला मान्य करावं लागलं. बहुतेक लोकांच्या चांगुलपणाला कुणीतरी बघणारं लागतं. लागू द्या. आहेराची वही तर मला आता घरातली सगळ्यात प्रामाणिक वही वाटते. कुणी किती दिलं, आपण किती परत करायचं, सगळं लिहिलेलं. मनात काय होतं, हे कुणी विचारत नाही.

[दृश्य: लातूर, २०१६ ची छायाचित्रं. रेल्वेचे पाण्याचे टँकर. नळाशी घागरींची रांग.]

२०१६ चा उन्हाळा. मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, कलम १४४. लोक पाण्यावरनं एकमेकांच्या जिवावर उठतील, ही भीती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर.

आमच्या गल्लीत माणसांऐवजी घागरी रांगेत उभ्या असायच्या. प्रत्येकाची घागर सगळ्यांना ओळखू यायची, कुणाची पोचा पडलेली, कुणाच्या गळ्याला चिंधी. रात्रीतनं समोरच्या काकूंनी आमची घागर दोन नंबर मागं सरकवली. सकाळी आईचं आणि त्यांचं जे झालं ते कॅमेऱ्यावर सांगण्यासारखं नाही. दुपारी त्याच काकूंनी, त्याच नळाचं, कळशीभर पाणी गल्लीच्या टोकाला बाळंतीण होती तिच्या घरी नेऊन दिलं. बाळंतिणीच्या सासूशी त्यांचं वर्षभर बोलणं नव्हतं. कळशी उंबऱ्यावर ठेवली आणि न बोलता आल्या.

[दृश्य: काळा पडदा. फक्त आवाज.]

खरा वाईट माणूस मी बघितलाय. चेहरा दाखवणार नाही, नावही घेणार नाही. ओळखीतला. म्हणाला, "नुसती सही कर रे, मी हाय ना." मी शब्द जसा आहे तसा घेतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तो माझ्याकडे आला. जामीनदार म्हणून हप्ते माझ्या पगारातनं गेले. पण सांगायचं ते वेगळंच आहे. तो बोलताना सरळ माझ्या डोळ्यांत बघत होता. खांद्यावर हात. चहा त्यानंच पाजला. मोजपट्टीवर बसवला असता तर नजरेच्या मुद्द्याला त्याला कुणी बोट लावलं नसतं.

[दृश्य: हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार. धूळ, झुलीतले बैल, टॉवेल खांद्यावर टाकलेले व्यापारी.]

उदगीर तालुक्यातलं हाळी-हंडरगुळी. इथं लाल कंधारी येतं, देवणी येतं. देवणीत तीन जाती: वानेरा, शेवरा आणि बालांक्या. वानेऱ्याचं अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या, शेवऱ्याच्या अंगावर काळे ठिपके विस्कटलेले. यावर मी तासभर बोलू शकतो, पण एडिटरनं हात जोडलेत.

इथं मला बरं वाटतं. कारण जुना सौदा रुमालाखाली होतो. दोघं हातात हात घेतात, वरनं टॉवेल टाकतात आणि बोटं धरून आकडा सांगतात. रुमालाच्या वर दोघांची तोंडं बघा. एक रागावलाय, एक उठून चाललाय, तिसरा, मधला दलाल, शपथा घेतोय. सगळं नाटक, आणि नाटक आहे हे सगळ्यांना मान्य. रुमालाखाली मात्र बोट म्हणजे बोट. धरलं की धरलं. तिथं कुणाचा चेहरा वाचावा लागत नाही.

मामा त्याचा बैल विकायला आला होता, मी सोबत. सौदा जुळत आला होता. घेणाऱ्यानं माझ्याकडे बघून मामाला विचारलं, "पोरगं बोलना व्हय?"

"बोलतंय की. खरं बोलतंय म्हणून गप बसवलाव."

घेणारा हसला आणि सरळ मलाच विचारलं, "सांग बाबा, बैलाला काय खोड हाय का?"

मी सांगितलं. डाव्या अंगाला जुंपला तर ओढ घेत नाही, उजव्याला चांगला चालतो.

मामाचा चेहरा मला वाचता आला नाही, पण कान लाल झालेले दिसले. घेणाऱ्यानं पुन्हा रुमाल टाकला, बोटं धरली, दोन हजार उतरवले आणि बैल घेतला. जाताना मला म्हणाला, "उजव्यालाच पायजे होता मला." हे आधी का नाही बोलला, असं मी विचारलं, तर म्हणाला, "मग दोन हजार कोण सोडलं असतं?"

मामा उदगीरपर्यंत एक शब्द बोलला नाही. उदगिरात उतरल्यावर म्हणाला, "भजी खातूस का?" दोन प्लेट सांगितल्या. पैसे माझ्याकडनं द्यायला लावले.