उकळतं पाणी, दहा सेकंद

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘वुयीचा ऊलाँग कसा करावा’. ऊलाँग म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला चिनी चहा. कृती सांगायचीच आहे, पण त्याआधी एका गैरसमजाचा निकाल लावू या.

चहाच्या पाकिटांवर हमखास एक सूचना असते : पाणी ८० अंशांपर्यंत निवू द्या. हिरव्या चहाला ती बरोबर आहे. तिथे कोवळी कळी असते, उकळत्या पाण्यानं ती पोळते. पण तीच सूचना उचलून ऊलाँगलाही लावतात, आणि चीनच्या फूजियान प्रांताच्या उत्तरेकडे, वुयीच्या डोंगरात होणाऱ्या चहाचं त्यानं पार वाटोळं होतं. पाणी कोमट, म्हणून वास उठत नाही. वास उठत नाही, म्हणून माणूस पान पाच मिनिटं बुडवून ठेवतो. मग कपात उतरतो तो नुसता तुरटपणा, आणि बोल लागतो चहाला.

मुळात हे पान कळीचं नव्हेच. एप्रिलच्या मध्यापासून मेपर्यंत तोडणी चालते, आणि शेंड्याची कळी उमलून तिचं पान होईपर्यंत मुद्दाम थांबतात. मग तीन-चार वाढलेली पानं देठासकट खुडतात. ती उन्हात थोडी मलूल करायची आणि बांबूच्या रुंद परड्यांत पसरायची. पुढचं काम आपल्या लगेच ध्यानात येईल, कारण आपल्याकडे सुपात धान्य घोळतात ना, तशीच ही पानं घोळतात. पानाच्या कडा एकमेकींवर घासतात, ठेचाळतात. मग विश्रांती. तास-दीड तासानं पुन्हा घोळायचं. असं रात्रभर, आठ-दहा तास. ठेचलेली कड हवा लागून लालसर होते आणि मधला भाग हिरवाच राहतो. हिरव्या लुगड्याला लाल काठ असावा, अगदी तसं पान दिसतं.

त्या विश्रांतीतच खरी गोम आहे. देठातलं आणि शिरांतलं पाणी पानभर पसरून कडेनं उडून जावं लागतं. तिथले कारागीर याला ‘पाणी चालणं’ म्हणतात. पावसात भिजलेलं पान तोडलं, किंवा घाईनं जोरात घोळून शिराच मोडल्या, की पाणी चालत नाही, अडकून बसतं. तो चहा पुढे कितीही भाजा, त्याचा कच्चा गवताळ वास आणि कडूपणा जात नाही.

पुढे दोनशे अंशांच्या वर तापलेल्या कढईत पान परततात, गरम असतानाच मळून पीळ देतात, सुकवतात. शेवटी कोळशाची भाजणी. निखाऱ्यांवर राखेचा थर देऊन ज्वाळ आणि धूर दोन्ही बंद करतात, वर टोपलीत पान ठेवतात, तासन्‌तास, मधूनमधून हलवत. काही आठवडे जाऊ देऊन पुन्हा भाजतात. एवढ्या आगीतून आलेल्या पानाला उकळत्या पाण्याची धास्ती कशाला? चीनमध्ये चहापारखी ऊलाँग तपासतात तेव्हा ११० मिलिलिटरच्या झाकणाच्या वाटीत ५ ग्रॅम पान घालतात आणि उकळतं पाणी ओततात : आधी २ मिनिटं, मग ३, मग ५. चहात दोष असेल तर तो उघडा पडावा, हाच हेतू असतो.

जाता जाता दा हाँग पाओ या वुयीच्या सगळ्यात नावाजलेल्या चहाबद्दल, कारण तो प्रश्न येणारच. ‘मोठा लाल झगा’ असा नावाचा अर्थ. जिउलाँगके नावाच्या घळीत कड्यावर त्याची सहा मूळ झाडं उभी आहेत. २००५ नंतर त्यांची तोडणी झालेली नाही. तेव्हा दुकानातलं दा हाँग पाओ त्या झाडांचं नव्हे. बहुतेक वेळा ते रौग्वी, श्वेइश्येन अशा जातींचं मिश्रण असतं. त्यात लबाडी नाही, चांगलं मिश्रण करणं ही मोठी कला आहे. रौग्वी म्हणजे दालचिनी, आणि वासही तसाच, तिखट. श्वेइश्येन मऊ, फुलांकडे झुकणारा.

सात मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा कृती भराभर सांगते.

झाकणाची वाटी ११० मिलिलिटरची, पान ८ ग्रॅम, वजन करूनच. पाकिटाच्या तळचा चुरा घालू नका, कडूपणा तिथून येतो. वाटी आधी उकळत्या पाण्यानं तापवा. महाबळेश्वरात पाणी सुमारे ९५ अंशांवरच उकळतं, तिथे तर नक्कीच तापवा. बोअरचं जड पाणी नको, त्यात वास दबतो आणि वर साय धरते. पाणी ओता, दहा सेकंद, की कपात ओतून घ्या. दुसरं पाणी दहा, तिसरं पंधरा, मग दर वेळी पाच-दहा सेकंद वाढवत चला. सात-आठ पाणी सहज होतात. दर वेळी शेवटचा थेंब निथळू द्या, मागे राहिलेलं पाणी पुढच्या कपात तुरट उतरतं.

पहिला घोट किंचित कडू लागेल. थांबा. आवळा खाऊन वर पाणी प्यावं तसा घशात गोडवा येतो, तोच या चहात शोधायचा. नुसता जळका वास आला तर भाजणी ताजी आहे, डबा दोन-तीन महिने बाजूला ठेवा. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात डबा हवाबंद हवाच. भाजलेलं पान दमट हवा ओढून घेतं आणि आंबूस होतं.

शेवटी वाटीतलं ओलं पान बशीत उलगडून पाहा. लाल कड दिसली, पान मऊ असलं, तर काम नीट झालंय. बोटांनी उलगडूनही उलगडेना, कडक काळं राहिलं, तर ते भाजताना करपलंय. त्याला कुठलंच पाणी उपयोगाचं नाही.